तळटीप कशी लिहायची: पहिला प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधिकेत मी एका तळटिपेत पेशवेकालीन पत्राचा रुमाल क्रमांक दिला होता (रुमाल म्हणजे दप्तरखान्यात जुने कागद बांधून ठेवलेलं कापड). मार्गदर्शक मॅडमनी त्या टिपेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "कागद केवढा होता गं?" मी हवेत हातानं वीतभर काहीतरी दाखवलं. "मागच्या बाजूला काही लिहिलंय का?" यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो रुमाल उघडलाच नव्हता. एका जाडजूड पुस्तकातली टीप जशीच्या तशी उतरवली होती. दुसऱ्या दिवशी निमूटपणे दप्तरखान्यात गेले, अर्ज भरला, रुमाल मागवला. त्यात ते पत्र नव्हतंच. पुस्तक छापताना क्रमांकाचे आकडे उलटसुलट झाले होते आणि ती चूक मी माझ्या सहीनं पुढे ढकलली होती.

त्यानंतर दुसऱ्यांचे प्रबंध तपासताना शेकडो तळटिपा डोळ्यांखालून गेल्या. स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे, यावर मुलं रात्री जागवतात. खरी गडबड मात्र नेहमी त्याच एका जागी सापडते. तळटिपेत एवढंच सांगायचं असतं, की हे मी स्वतः कुठे पाहिलं. पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. माझी उदाहरणं मराठ्यांच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासातली आहेत, कारण माझं काम त्यातलं. साहित्याच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही रीत तीच लागू पडेल.

सुरुवात वाचतानाच करायची

तळटिपा शेवटी घालू, आधी मजकूर तर होऊ दे, असं म्हणणारा प्रत्येक जण सबमिशनच्या आदल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर रडकुंडीला आलेला मी पाहिला आहे. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा फोननं तीन फोटो काढा: मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकाचं पान, त्याच्या मागची बाजू, जिथे आवृत्ती, प्रकाशक, साल असतं, आणि ज्यातून टिपण घेताय ते पान, त्यावरचा पृष्ठक्रमांक दिसेल असं. तिसऱ्या फोटोत हमखास क्रमांक कापला जातो. तेवढं बघा.

वहीत टिपण घेताना लेखकाचे शब्द आणि तुमचे शब्द वेगळे दिसले पाहिजेत. मी लेखकाचे शब्द कायम अवतरणचिन्हांत आणि निळ्या शाईनं लिहिते, माझं म्हणणं पेन्सिलीनं. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर हे छान वाक्य आपलंच आहे असं वाटायला लागतं, आणि ते आपलं नसतं.

टीप कशाला द्यायची

दुसऱ्याचे शब्द उचलले तर टीप. शब्द तुमचे पण मुद्दा दुसऱ्याचा असेल, तरी टीप. आकडा, तारीख किंवा ज्यावर वाद आहे असं कुठलंही विधान असेल, तर टीप. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर १६७४ साली झाला याला टीप नको, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्या समारंभाला खर्च किती आला हे लिहिलंत, की मात्र कुठल्या कागदावरून ते सांगावंच लागेल.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: परिच्छेद जसाच्या तसा उतरवला आणि खाली टीप दिली म्हणजे झालं. नाही. शब्द दुसऱ्याचे असतील तर अवतरणचिन्हं हवीतच. टीप त्यांची जागा घेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या नियमांनुसार योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्याच्या मोजणीतून वगळतात. उरलेलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. मुलं हा दहाचा आकडा मनात धरून बसतात, जणू दहा टक्के चोरी माफ आहे. मला विचाराल तर टक्का बघूच नका, अवतरणचिन्हं बघा.

आकडा कुठे बसवायचा

वाक्य संपल्यावर, पूर्णविरामानंतर, मध्ये जागा न सोडता, किंचित वर उचललेला आकडा. अवतरण असेल तर बंद होणाऱ्या चिन्हानंतर. एका वाक्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणची माहिती असेल तर पहिला आकडा स्वल्पविरामानंतर चालतो. एकाच जागी दोन आकडे शेजारीशेजारी लावू नका. एकाच टिपेत दोन्ही संदर्भ अर्धविरामानं तोडून द्या.

आकडा हातानं टाइप करायचा नाही, कधीच नाही. वर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकदम दाबलं की टीप तयार होते. मध्ये नवी टीप आली की पुढचे आकडे आपोआप सरकतात. लिब्रेऑफिसमध्ये इन्सर्ट मेनूत तळटिपेची सोय आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदल करताना सगळ्यात आधी मोडतात ते हे वर उचललेले आकडे, मग सतराव्या टिपेखाली तेविसावीचा मजकूर येतो आणि कोणालाच पत्ता लागत नाही.

टिपा पानाखाली द्यायच्या की प्रकरणाच्या शेवटी, हे तुमचं विद्यापीठ किंवा नियतकालिक ठरवतं. मराठी पुस्तकांत त्या बरेचदा प्रकरणाच्या शेवटी सापडतात. आपल्याकडचे छापखाने वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चालले आणि त्यात तळटिपांची आपोआप सोय नव्हती. निवडायची मुभा असेल तर पानाखालीच द्या. इंग्रज इतिहासकार गिबनच्या रोमन साम्राज्यावरच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये आला तेव्हा टिपा शेवटी होत्या, आणि सारखं मागे पान उलटायला लागतं म्हणून तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं प्रकाशकाकडे तक्रार केली होती. पुढे त्या पानाखाली आल्या. अडीचशे वर्षांपूर्वीचा वाचकही तेवढाच वैतागत होता तर.

पहिली टीप पूर्ण, पुढची आखूड

एखादा ग्रंथ पहिल्यांदा येतो तेव्हा सगळा तपशील द्यायचा. क्रम असा: लेखक, ग्रंथाचं नाव, संपादक किंवा अनुवादक असेल तर तो, आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ. उदाहरणार्थ:

जोतीराव फुले, 'गुलामगिरी' (१८७३), महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. य. दि. फडके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, १९९१, पृ. …

पृष्ठाची जागा मी मुद्दाम रिकामी सोडली आहे. माझ्याकडून उतरवून घेऊ नका, हातातल्या प्रतीत बघून भरा. समग्र वाङ्मय पहिल्यांदा १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली निघालं होतं. फडक्यांची सुधारित आवृत्ती नंतरची. वेगळी आवृत्ती म्हणजे वेगळी जुळणी, त्यामुळे पानं जुळतीलच असं नाही. म्हणूनच या टिपेत दोन सालं आहेत. १८७३ सांगतं की फुल्यांनी हे कधी प्रसिद्ध केलं, आणि १९९१ सांगतं की मी कुठली प्रत उघडली. नुसतं १८७३ लिहिलंत तर त्या वर्षीची पहिली आवृत्ती तुम्ही हाताळली असा अर्थ होतो. नुसतं १९९१ लिहिलंत तर फुले गेल्यानंतर शंभर वर्षांनी बोलताहेत असं दिसतं.

दुसऱ्यांदा तोच ग्रंथ आला की: फुले, 'गुलामगिरी', पृ. … बस. आडनाव, ओळखण्याइतकं नाव, पान.

आता 'तत्रैव'. लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ पुन्हा असेल तर 'तत्रैव, पृ. …' लिहायची आपली जुनी पद्धत आहे. दिसतं भारदस्त. घात मात्र इथेच होतो. टीप चौदा आणि पंधरा यांच्यामध्ये तुम्ही पुढच्या महिन्यात एक नवी टीप घुसवता. आकडे आपोआप सरकतात. 'तत्रैव' मात्र जागचा हलत नाही. फुल्यांचं वाक्य क्षणात दुसऱ्याच कोणाच्या नावावर जातं. 'पूर्वोक्त' (आधी सांगितलेला ग्रंथ) याचं दुखणं वेगळं: चाळीस पानं मागे त्याच लेखकाचे दोन ग्रंथ आलेले असतात, मग पूर्वोक्त म्हणजे नेमकं कुठलं? इंग्रजी जगातल्या शिकागो मॅन्युअल या लेखनाच्या नियमपुस्तकानंही २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत 'आयबिड'पेक्षा (म्हणजे इंग्रजीतल्या 'तत्रैव'पेक्षा) आखूड रूप बरं असं सांगून टाकलं. तुमच्या विद्यापीठाचा आग्रह असेल तर 'तत्रैव' जरूर वापरा, पण प्रबंध बांधायला जाण्याच्या आदल्या दिवशी घाला, तोवर सगळीकडे आखूड रूप ठेवा.

ग्रंथनामासाठी इंग्रजीत तिरपा ठसा वापरतात. देवनागरी अक्षरं तिरपी केली की शिरोरेषा लंगडायला लागते, म्हणून मी ग्रंथनाम ठळक करते आणि लेखाचं किंवा कवितेचं नाव एकेरी अवतरणात ठेवते. काहीही निवडा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच ठेवा.

न पाहिलेला ग्रंथ

ही माझी दुखरी जागा, म्हणून थोडं थांबते. ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातलं एखादं वाक्य तुम्हाला इतिहासकार सरदेसायांच्या ग्रंथात सापडलं. डफ तुम्ही उघडलेला नाही. तर टीप डफच्या नावानं सुरू करा, आणि पुढे लिहा: 'उद्धृत, गो. स. सरदेसाई,' मग सरदेसायांच्या ग्रंथाचा पूर्ण तपशील आणि त्यातलं पान. यात कमीपणा काही नाही. उलट परीक्षकाला कळतं की तुम्ही कुठपर्यंत पोचलात. मूळ ग्रंथ सहज मिळत असेल तर मात्र उठा आणि बघून या. अर्धं वाक्य उद्धृत केलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात लेखकानं भलतंच म्हटलेलं असतं, असं फार वेळा निघतं.

कागदपत्रं

छापलेल्या साधनांपासून सुरुवात करा. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'सारख्या खंडांत प्रत्येक पत्राला लेखांक असतो. खंड क्रमांकाबरोबर लेखांक द्या. पुनर्मुद्रणात पान बदललं तरी लेखांक वाचकाला बरोबर त्या पत्रापाशी नेतो. संतवाङ्मयातही हेच: ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी, गाथेला अभंगाचा क्रमांक. पण ओव्यांची आणि अभंगांची संख्या प्रतीप्रतीत बदलते, म्हणून पहिल्याच टिपेत कुठली प्रत धरली ते सांगून टाका आणि मग पूर्ण प्रबंधात तीच धरा.

अप्रकाशित कागदांना लेखांकाचा आधार नाही. तिथे मोठ्याकडून लहानाकडे यायचं: संस्था, दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, मग कोणी कोणाला लिहिलं आणि तारीख. पुणे पुराभिलेखागारातले मोडी कागद असे कापडी रुमालांत बांधलेले असतात. कागदावर सुटा क्रमांक नसेल तर पत्राचे पहिले चारपाच शब्द अवतरणात द्या. रुमाल परत बांधायच्या आधी क्रमांक दोनदा वाचा. मी आता मोठ्यानं वाचते, शेजारचे हसतात.

तारखेचं जरा सविस्तर सांगते, कारण इतिहासाच्या प्रबंधांत सर्वाधिक लाल शाई इथेच सांडते. कागदावर जी तारीख आहे ती जशीच्या तशी आधी लिहा, नंतर कंसात इसवी सनाची. नुसती रूपांतरित तारीख कधीही देऊ नका, कारण रूपांतर तुमचं असतं, कागदाचं नव्हे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. राज्याभिषेकाला ते बरोबर लागू पडतं: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. आता शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ घ्या. ७८ मिळवले तर १६२९ येतं, आणि आपण तर १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. एका आकड्यानं अख्खं वर्ष हलतं.

शिवाय या दोन्ही इंग्रजी तारखा ज्युलियन पंचांगाच्या आहेत. ग्रेगोरियन पंचांगानं त्या दहा दिवसांनी पुढे जातात, १९ फेब्रुवारीची १ मार्च होते. कुठलं पंचांग धरलं हे प्रस्तावनेत एका ओळीत सांगा. पेशवाईतल्या पत्रांत 'सबा खमसैन मया व अलफ' असे शब्द दिसले तर घाबरू नका. सबा सात, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार: शुहूर सन (अरबी शब्दांत लिहिली जाणारी जुनी कालगणना) ११५७. हा सन मृगात सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे पत्र १७५६-५७ मधलं. दिवस नेमका काढायला मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री (वेगवेगळ्या पंचांगांच्या तारखा जुळवून देणारं पुस्तक) उघडा, आणि जंत्री वापरली हेही टिपेत सांगा.

वर्तमानपत्रं, संकेतस्थळं, मुलाखती

वर्तमानपत्राला लेखाचं नाव, पत्राचं नाव, पूर्ण तारीख, मिळाल्यास पान. 'देशाचे दुर्दैव' (अग्रलेख), केसरी, १२ मे १९०८. इथे लेखकाचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण अग्रलेखाखाली सही नसे. १९०८ च्या खटल्यात संपादक म्हणून टिळकांवर ठपका आला हे खरं, आणि ते तुम्ही टिपेत वेगळं सांगू शकता. केसरीतलं सगळंच टिळकांचं असं गृहीत धरून नाव चिकटवायची खोड मात्र लागू देऊ नका. केसरी १८८१ मध्ये निघाला तेव्हापासून १८८७ पर्यंत संपादक आगरकर होते. १८८५ च्या अग्रलेखावर टिळकांचं नाव घातलेला एक प्रबंध माझ्याकडे आला होता. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच विचारला.

संकेतस्थळाला लेखक, मजकुराचं नाव, स्थळाचं नाव, पूर्ण पत्ता आणि तुम्ही पाहिलं ती तारीख. पान उद्या गायब होऊ शकतं, म्हणून त्याची पीडीएफ ठेवा. जुन्या पुस्तकाचं स्कॅन वाचलं असेल तर संदर्भ पुस्तकाचाच, स्कॅन कुठे पाहिलं ते शेवटी. स्कॅनच्या खिडकीतला पानाचा आकडा आणि पुस्तकावर छापलेला आकडा यांत प्रस्तावनेच्या पानांमुळे फरक पडतो, छापलेला धरा. शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचा) प्रबंध असेल तर 'अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध', विद्यापीठ, साल.

मुलाखतीला नाव, गाव, तारीख. नाव वापरायची परवानगी आधी घ्या. नको म्हणाले तर 'विणकर, वय अंदाजे ६०' एवढंही चालतं.

शेवटची सूची

संदर्भसूचीत तेच ग्रंथ येतात, पण आडनाव आधी आणि पान नाही. क्रम अकारविल्हे. संगणकाला क्रम लावायला सांगितलंत तर क्ष 'क'मध्ये आणि ज्ञ 'ज'मध्ये जाऊन बसायची शक्यता असते. मराठी कोशांच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही शेवटी, ळ नंतर. टोपणनावाचा लेखक ज्या नावानं पुस्तकावर आहे त्याच नावाखाली ठेवा, खरं नाव कंसात. संदर्भ साठवून ठेवायला झोटेरोसारखं फुकट मिळणारं साधन इंग्रजी ग्रंथांसाठी उत्तम. मराठी नोंदींत 'एडिटेड बाय' वगैरे मध्येच इंग्रजीत उगवतं, ते शेवटी हातानं झाडून काढावं लागतं. तरीही नोंदी एका जागी राहतात म्हणून मी ते वापरते.

सगळं झालं की डोळे मिटून दहा टिपा निवडा, कागदावर उतरवा आणि एखाद्या मैत्रिणीला तेवढाच कागद देऊन ग्रंथालयात पाठवा. तुम्ही सोबत जायचं नाही, फोनवर सांगायचं नाही. तिनं प्रत्येक पुस्तक काढून त्या पानावरचं ते वाक्य शोधायचं. माझ्या पीएच.डी.च्या वेळी दहातल्या तीन टिपांवर मैत्रीण अडली: एकात आवृत्ती चुकली होती, एकात पान ४७ ऐवजी ७४ होतं, आणि एक ग्रंथ त्या ग्रंथालयात कधी नव्हताच, मी तो भलत्याच गावी वाचला होता. त्या रात्री बसून उरलेल्या साडेतीनशेही तपासल्या.